जुन्या इंग्लिश नटीचा माग कसा काढावा

१९०० ते १९२५ या काळातल्या इंग्लिश नट्यांची फोटो-पोस्टकार्डं आजही ढिगाने विकायला येतात. कार्डावर नाव असतं, क्वचित भूमिकाही असते आणि नेटवर त्या नावाखाली चार ओळींचं चरित्र सापडतं. त्या चार ओळींतलं वय, जन्मगाव आणि पुष्कळदा नावसुद्धा जसंच्या तसं उचलू नका. ही माहिती बहुतेक वेळा त्या नटीने किंवा तिच्या मॅनेजरने वर्तमानपत्राला पुरवलेली असते. पुढे ती कोशात गेली आणि कोशातून नेटवर आली. जॉन पार्कर यांनी संपादित केलेला रंगभूमीचा चरित्रकोश (पहिली आवृत्ती १९१२) कारकिर्दीसाठी सोन्यासारखा आहे, पण वयाच्या बाबतीत तोही कलाकारांच्या शब्दावर चालतो. दोन ते पाच वर्षं कमी केलेली सापडणं ही नेहमीची गोष्ट.

म्हणून आयुष्य उलट्या क्रमाने शोधायचं: आधी मृत्यू, मग लग्न, सगळ्यात शेवटी जन्म. कारकीर्द मात्र सुलट क्रमाने, एकेका आठवड्याने भरायची. जन्मापासून सुरुवात केली की रंगभूमीवरच्या नावाची भलतीच मुलगी नोंदवहीत सापडते आणि पुढचं सगळं चरित्र तिच्यावर चढतं.

कार्ड काय सांगतं

दहा पटीचं भिंग घ्या. चेहऱ्यावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर कार्ड छापखान्यातलं आहे. ठिपके नसतील आणि छटा सलग उतरत असतील तर तो खरा ब्रोमाइड फोटो. अशा फोटोच्या काळ्या भागावर तिरप्या उजेडात चांदीसारखी झाक दिसते. रंग असतील तर ते बहुधा वरून दिलेले असतात, त्यामुळे झग्याच्या रंगावरून नाटक ओळखायला जाऊ नका.

मग मागची बाजू पाहा. ब्रिटनमध्ये पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहायची मुभा जानेवारी १९०२ मध्ये मिळाली, त्यामुळे मधोमध रेघ असलेलं कार्ड त्याआधीचं नाही. देशांतर्गत कार्डाला अर्धा पेनी लागे. ३ जून १९१८ पासून दर एक पेनी झाला. तिकिटावर सातवा एडवर्ड असेल तर १९०२ नंतरचं, पाचवा जॉर्ज असेल तर २२ जून १९११ नंतरचं. एडवर्डची तिकिटं लोक त्यानंतरही लावत होतेच. शिक्क्याची तारीखही फोटोची तारीख नव्हे. फोटो त्या दिवसाच्या आधीचा आहे, एवढंच ती सिद्ध करते. लोकप्रिय नटीचं एकच कार्ड वर्षानुवर्षं विकलं जाई.

कार्डावर दोन नावं असू शकतात आणि त्यांची गल्लत होते. एक प्रकाशकाचं: रोटरी, बीगल्स, टक, फिल्को, डेव्हिडसन ब्रदर्स. दुसरं फोटोग्राफरचं: फाउलशॅम अँड बॅनफिल्ड, बसानो, लाफायेट, डोव्हर स्ट्रीट स्टुडिओज, रीटा मार्टिन. प्रकाशकाच्या नावाजवळ अनुक्रमांक असतो आणि पुष्कळदा त्याला अक्षर जोडलेलं असतं. त्याच क्रमांकाची पुढची-मागची अक्षरं असलेली कार्डं लिलावांच्या साइटवर शोधा. ती बहुधा त्याच बैठकीतली असतात आणि त्यातल्या एखाद्यावर नाटकाचं नाव छापलेलं मिळतं. मात्र क्रमांक जितका मोठा तितकं कार्ड नंतरचं, असा हिशेब मांडू नका.

कार्डावरची सही बहुतेक वेळा निगेटिव्हवरून छापलेली असते. भिंगाखाली तिचा रंग फोटोच्या काळ्या-तपकिरी छटेशी एकजीव दिसतो. खरी शाई चकाकीच्या वर बसते, कडेला थोडी पसरते आणि तिरप्या उजेडात वेगळी चमकते.

चेहरा जुळवायचा असेल तर केसांकडे पाहूच नका, ते टोपाचे असू शकतात. कमरेवर आणि मानेवर रिटचिंगची सुरी फिरलेली असते. कान पाहा. पाळीचा आकार, कानाची वरची कड आणि कपाळावरची केसांची रेघ हे सहसा कोणी बदलत नसे. कान जुळतोय पण उलट्या बाजूचा वाटतोय, असं झालं तर निगेटिव्ह उलटी छापली गेली असण्याची शक्यता तपासा. बटणं कोणत्या बाजूला आणि लग्नाची अंगठी कोणत्या हातात आहे, यावरून ते कळतं.

मृत्यूपासून जन्माकडे

नावांचा घोळ किती असतो ते पाहा. लिली एल्सी जन्माने एल्सी हॉडर. आईने १८९१ मध्ये विल्यम कॉटनशी लग्न केल्यावर ती एल्सी कॉटन झाली, लहानपणी रंगमंचावर ‘लिटल एल्सी’ होती आणि १९११ मध्ये लग्न करून मिसेस बुलो झाली. म्हणजे एकाच बाईसाठी पाच नावं शोधायची. झेना आणि फिलिस डेअर या बहिणींचं खरं आडनाव डोन्स. मेरी स्टडहोम म्हणजे कॅरोलाइन मरिया लप्टन. डेनिस ऑर्म म्हणजे जेसी स्मिदर. इंग्लंडमध्ये नाव बदलायला कायदेशीर कागद लागत नाही, त्यामुळे नाव बदलल्याची नोंद असेलच असं नाही.

पहिली पायरी: मृत्यूची बातमी. ‘द स्टेज’ आणि ‘द टाइम्स’ यांतले मृत्युलेख पाहा. नवऱ्याचं आडनाव तिथे मिळतं. ते मिळालं की १८५८ पासूनची प्रोबेट सूची (कोर्टाने मंजूर केलेल्या मृत्युपत्रांची यादी) उघडा. मृत्युपत्राच्या नोंदीत कायदेशीर नाव असतं आणि काही वेळा ‘उर्फ’ म्हणून रंगभूमीवरचं नावही असतं. हा एक दुवा हाती लागला की निम्मं काम झालं. उमराव घराण्यात गेलेल्या नट्यांच्या बाबतीत सरदारांच्या वंशावळीच कामाला येतात. रोझी बूट १९०१ मध्ये हेडफर्टच्या मार्क्विसची बायको झाली, सिल्व्हिया स्टोरी १९०८ मध्ये अर्ल पूलेटची, गर्टी मिलर १९२४ मध्ये अर्ल ऑफ डडलीची.

दुसरी पायरी: लग्न. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. तिची सूची ‘फ्रीबीएमडी’वर मोफत शोधता येते. ही सूची तिमाही आहे आणि मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर ही तिमाहीच्या शेवटच्या महिन्याची नावं आहेत. मार्च १९१२ च्या तिमाहीपासून लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं आडनाव दिलेलं असतं. त्याआधीच्या लग्नासाठी वधू आणि वर दोघांना वेगवेगळं शोधा आणि जिल्हा, खंड व पान क्रमांक तिन्ही जुळतात का ते पाहा. एका पानावर एकाहून अधिक लग्नं असतात, त्यामुळे पान जुळलं तरी दाखला मागवल्याशिवाय खात्री धरू नका. दाखल्यावर वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आईचं नाव तेव्हाच्या विवाहदाखल्यावर नसे. वयाच्या रकान्यात नुसतं ‘सज्ञान’ लिहिलं असेल तर २१ पूर्ण एवढाच अर्थ. वडिलांचा धंदा ‘जंटलमन’ असेल तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

तिसरी पायरी: जन्म. आता वडिलांचं नाव हाताशी आहे. फ्रीबीएमडीच्या जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासूनच दिसतं, म्हणजे आपल्या नट्यांसाठी निरुपयोगी. जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत मात्र ते १८३७ पासून दिलेलं आहे, म्हणून जन्मासाठी तीच वापरा. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, तेव्हा जूनअखेरचा जन्म सप्टेंबर तिमाहीत जातो. लिली एल्सीचा जन्म ८ एप्रिल १८८६ चा, लीड्सजवळच्या आर्मलीचा. म्हणजे जून तिमाही आणि आडनाव हॉडर. नोंदणी जिल्ह्याचं नाव गावाच्या नावापेक्षा वेगळं असू शकतं, म्हणून आधी त्या गावाचा जिल्हा कोणता ते पाहून घ्या.

इंग्लंडात सापडली नाही तर? स्कॉटलंडची नोंद १८५५ पासून, आयर्लंडची १८६४ पासून, दोन्ही वेगळ्या ठिकाणी. एलालिन टेरिसचा जन्म फॉकलंड बेटांवरच्या स्टॅनलेचा आहे. वडील सैन्यात, रेल्वेत किंवा सनदी नोकरीत असतील तर हिंदुस्थान तपासायलाच हवा. तिकडच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि मुंबई इलाख्याची मालिका ‘एन/३’ आहे. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर त्यांच्या प्रतिमा आहेत, तर फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची शोधसूची मोफत आहे. पुणे, खडकी, देवळाली, कामठी अशी छावण्यांची नावं तिथे चित्रविचित्र स्पेलिंगने येतात. थोडी नंतरची, पण या बाबतीतली सगळ्यात गाजलेली नटी म्हणजे मर्ल ओबेरॉन. ती आयुष्यभर टास्मानियाचं जन्मस्थान सांगत राहिली. प्रत्यक्षात ती १९११ मध्ये मुंबईत जन्मली.

जनगणनेतला रविवार

जनगणना नेहमी रविवारच्या रात्रीची: ३१ मार्च १९०१, २ एप्रिल १९११, १९ जून १९२१. रविवारी थिएटरं बंद असत आणि दौऱ्यावरच्या कंपन्या त्याच दिवशी गाडीने पुढच्या गावी जात. त्यामुळे नटी आपल्या घरच्या पत्त्यावर बहुधा नसतेच. ती सोमवारी जिथे प्रयोग सुरू व्हायचा, त्या गावातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये ‘बोर्डर’ किंवा ‘व्हिजिटर’ म्हणून नोंदलेली असते. आधी वर्तमानपत्रातून त्या सोमवारचा मुक्काम काढा, मग त्या गावात धंदा ‘अॅक्ट्रेस’ घालून शोधा. नाव रंगभूमीवरचं की कागदोपत्रीचं, हे घरमालकिणीला काय सांगितलं गेलं त्यावर ठरायचं. शेजारच्या ओळीत कंपनीतली आणखी दोन-तीन नावं दिसली की खात्री पटते.

१९११ मध्ये एक खास अडचण आहे. स्त्रियांच्या मताधिकारासाठी अनेकींनी त्या जनगणनेवर बहिष्कार टाकला होता आणि अॅक्ट्रेसेस फ्रँचाइज लीग ही नट्यांची मताधिकार-संघटना १९०८ मध्येच स्थापन झालेली होती. तेव्हा १९११ मध्ये नाव नाही म्हणून नटी परदेशी होती, असं लिहून मोकळं होऊ नका. १९२१ चा अर्ज सगळ्यात कामाचा, कारण त्यात मालकाचं नाव आणि कामाची जागा विचारलेली आहे. नटीच्या बाबतीत तिथे मॅनेजर किंवा थिएटर मिळू शकतं. १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली. त्याऐवजी २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर वापरा. त्यात पूर्ण जन्मतारीख आहे, पण तीही स्वतः सांगितलेलीच.

आठवड्याची वही

कारकिर्दीसाठी एक तक्ता करा. रकाने असे: आठवड्याचा सोमवार, गाव, थिएटर, नाटक, भूमिका, कंपनी, पुरावा, आणि खात्रीची पातळी. खात्रीचा रकाना आळसाने गाळू नका. त्या आठवड्यातल्या परीक्षणात नाव आहे तर ‘पक्कं’, नुसत्या जाहिरातीत आहे तर ‘बहुधा’, नंतरच्या आठवणींत आहे तर ‘ऐकीव’. जाहिरातीत नाव असूनही नटी आजारी असे आणि बदली नटी उभी राहत असे. लांब चालणाऱ्या नाटकात हे फार महत्त्वाचं. ‘द मेरी विडो’ लंडनच्या डेलीज थिएटरात ८ जून १९०७ ला, शनिवारी, उघडलं आणि त्याचे ७७८ प्रयोग झाले. ‘चू चिन चाव’ १९१६ ते १९२१ पर्यंत २,२३८ प्रयोग चाललं. एवढ्या काळात पात्रयादी किती वेळा बदलली असेल, याचा विचार करा. नटी ‘त्या नाटकात होती’ हे वाक्य तारखेशिवाय फुकट आहे.

मुख्य साधनं दोन: ‘द एरा’ (१८३८ ते १९३९) आणि १८८० मध्ये सुरू झालेलं ‘द स्टेज’. दोन्ही ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हमध्ये वर्गणी भरून मिळतात. दौऱ्यावरच्या कंपन्यांची गावं त्यात अंकामागून अंक छापलेली असतात. ‘द स्टेज’ गुरुवारी निघे, तेव्हा यादी चालू आठवड्याची आहे की येत्या सोमवारपासूनची, हे स्तंभाच्या डोक्यावर पाहून घ्या. एका आठवड्याची चूक झाली की पुढचा सगळा दौरा सरकतो. नट्या स्वतःच्या छोट्या जाहिरातीही देत: नाव, सध्याची भूमिका, आणि ‘रिकामी आहे’ अशी सूचना. कामाशिवायचे महिने कळण्याचा हाच खरा मार्ग.

नाव टाकून शोध घेतला तर निम्म्या नोंदी निसटतात, कारण जुन्या छपाईचं यांत्रिक वाचन ‘एल्सी’चं काहीही करतं. भूमिका आणि थिएटर जोडून शोधा. इथेही सापळा आहे: ‘द मेरी विडो’च्या मूळ जर्मन संहितेतली हाना लंडनच्या प्रयोगात सोनिया झाली आणि ती भूमिका लिली एल्सीने केली. तेव्हा ‘सोनिया’ आणि ‘डेलीज’ असा शोध घ्या. दौऱ्यावरच्या कंपन्यांतही सोनिया होत्याच, म्हणून सोनियाच्या पोशाखातला प्रत्येक फोटो लिली एल्सीचा नसतो. ल्यूसील या फॅशन-डिझायनरने तिच्यासाठी केलेल्या भल्या मोठ्या हॅटची तर इतकी लाट आली की हॅटवरून ओळख पटवण्यात काही अर्थ उरत नाही.

प्रयोगपत्रिकेवर वर्ष नसेल तर वार आणि तारीख जुळवा. ‘सोमवार, २६ डिसेंबर’ छापलेली नाताळच्या पँटोमाइमची पत्रिका १९०० ते १९२५ मध्ये फक्त १९०४, १९१० किंवा १९२१ ची असू शकते. मग त्या तीन वर्षांच्या जाहिराती चाळणं तासाभराचं काम. पत्रिकेत चिकटवलेली किंवा सुटी चिठ्ठी असेल तर जपा. त्या रात्री कोण बदली होतं, हे तिच्यावरच असतं.

वर्गणी भरायची नसेल तर ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट आणि वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन मोफत आहेत. लंडनची नाटकी बातमी वसाहतींतली वर्तमानपत्रं बहुधा टपालाने, महिना-दीड महिन्याने उचलत, त्यामुळे दौऱ्यावर कधीच न गेलेली नटीही तिथे सापडते. अमेरिकेला गेलेल्यांसाठी ब्रॉडवेचा डेटाबेस आणि एलिस बेटाच्या प्रवासी याद्या बघा.

पूर्वेकडच्या दौऱ्यांवर मराठी वाचकाने खास लक्ष ठेवावं. मॉरिस बँडमनच्या कंपन्या लंडनचे ताजे संगीत-खेळ घेऊन हिंदुस्थानात येत. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस त्याने जहांगीर फ्रामजी कराका यांच्याबरोबर उभारलं. पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन १९११ मध्ये, बांधकाम पूर्ण १९१२ मध्ये. ज्या नटीच्या तक्त्यात हिवाळ्याचे चार-सहा महिने कोरे दिसतात, तिच्यासाठी ‘टाइम्स ऑफ इंडिया’चं डिजिटल दप्तर उघडा. अनेक विद्यापीठ ग्रंथालयांत ते आहे. जोडीला ब्रिटनमधून निघालेल्या बोटींच्या प्रवासी याद्या (नॅशनल अर्काइव्ह्ज, मालिका बीटी २७, १८९० ते १९६०) तपासा. कंपनीतली माणसं एकाखाली एक लिहिलेली असतात, तेव्हा एक नाव सापडलं की सगळं पान वाचून काढा.

कोर्टकचेरी

घटस्फोटाच्या फाइली नॅशनल अर्काइव्ह्जच्या जे ७७ मालिकेत आहेत आणि नाव घालून सूची मोफत शोधता येते. १९२७ पर्यंतच्या जवळपास सगळ्या टिकल्या आहेत, १९३७ नंतरच्या जवळपास एकही नाही. १९२३ पर्यंत बायकोला नुसता नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. जोडीला क्रौर्य किंवा त्यागासारखं दुसरं कारणही लागे. म्हणून बायकांचे त्या काळचे अर्ज तपशिलाने भरलेले असतात: पत्ते, तारखा, मुलांची नावं. अर्ज ही एकाच बाजूची कैफियत असते, एवढं लक्षात ठेवून वापरा. दिवाळखोरीसाठी ‘लंडन गॅझेट’ मोफत आहे. तिथे धनकोंना ओळख पटावी म्हणून सगळी नावं ओळीने छापलेली मिळतात.

मूकपट

साधारण १९१० पर्यंत पडद्यावर कलाकारांची नावं येत नसत. तेव्हा त्याआधीच्या चित्रपटाखाली नेटवर एखादीचं नाव दिसलं तर ते कुठून आलं, हे विचारा. चित्रपटही फार थोडे उरले आहेत. सेसिल हेपवर्थची कंपनी १९२४ मध्ये बुडाली आणि तिच्या निगेटिव्ह वितळवल्या गेल्या. अल्मा टेलर आणि क्रिसी व्हाइट या त्या कंपनीच्या दोन लाडक्या नट्या. त्यांचं बरंचसं काम ‘द बायोस्कोप’सारख्या धंद्याच्या मासिक-साप्ताहिकांतल्या वर्णनातच उरलं आहे.

वर्षांचा घोळही इथलाच. चित्रपट आधी थिएटरमालकांना दाखवत आणि लोकांसमोर तो कित्येक महिन्यांनी येई. एकाच चित्रपटाला १९१९ आणि १९२० अशी दोन वर्षं मिळतात ती यामुळे, आणि भोळा संशोधक त्यांचे दोन चित्रपट करतो. तक्त्यात दोन्ही तारखा वेगळ्या रकान्यांत ठेवा. परदेशी काम विसरू नका: १९०८ ची ‘डेली मिरर’ची सौंदर्यस्पर्धा जिंकलेली आयव्ही क्लोज फ्रान्समध्ये आबेल गान्सच्या ‘ला रू’ची (१९२३) नायिका होती, आणि तिचा माग फक्त ब्रिटिश याद्यांतून लागत नाही.

फोटो टाकण्याआधी

चरित्र प्रसिद्ध करताना फोटो लावायचाच असतो. भारतात २०१२ पर्यंत छायाचित्राचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपत असे, त्यामुळे १९१० च्या कार्डाची इथे अडचण नाही. ब्रिटनमध्ये फोटोग्राफर माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं मोजतात. रीटा मार्टिन १९५८ मध्ये वारली, म्हणजे तिचे फोटो तिथे २०२८ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. ब्रिटिश मासिकाला किंवा साइटला लेख देत असाल तर कार्डाच्या कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव आधी वाचा आणि ते रीटा मार्टिनचं असेल तर दुसऱ्या फोटोग्राफरचा फोटो मिळतो का ते पाहा.